आंबेनळीच्या रस्त्याला हात लावणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

साहेब लोकहो, नमस्कार.

हे पत्र कुठल्या एका टेबलासाठी नाहीये. महाबळेश्वर ते पोलादपूर हा जो चाळीसेक किलोमीटरचा घाटरस्ता आहे त्याची मापं घेणारे, एस्टिमेट बनवणारे, टेंडर भरणारे, जेसीबी चालवणारे, पाट्या रंगवणारे, पावसाळ्यात घाट बंदचा आदेश काढणारे आणि मोरीतला, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटेतला, गाळ उपसणारे, असे जे कोणी या रस्त्याला हात लावतात त्या सगळ्यांना मिळून लिहितोय. खुर्चीवर कोण आहे ते दर दोनतीन वर्षांनी बदलतं, रस्ता मात्र तिथेच असतो, म्हणून नाव न घालताच लिहिलेलं बरं.

मी खालचा, म्हणजे पोलादपूरच्या बाजूचा माणूस. आजोळ वाईकडे. त्यामुळे लहानपणापासून दर मे महिन्यात एसटीतून हा घाट चढायचो आणि जूनच्या तोंडाला उतरायचो. आईच्या मांडीवर डोकं ठेवून उलटीची पिशवी हातात धरून घाट चढलेल्या पिढीतला आहे मी, त्यामुळे या रस्त्याबद्दल प्रेम आहे असं म्हणालो तर माझी बहीणच हसेल. पण आहे. आणि आता अधूनमधून रुंदीकरणाचं कानावर येतंय, त्यात प्रतापगड जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला (मराठा लष्करी स्थळं म्हणून जे बारा किल्ले गेले त्यातला एक), म्हणजे गाड्या वाढणार, म्हणजे रस्ता मोठा करा ही ओरड वाढणार. करा, मोठा करा, माझी ना नाही. एवढंच म्हणणं आहे की तो आज जसा जातो तसा का जातो हे एकदा नीट समजून घ्या आणि मग हात लावा. या डोंगरात निदान साडेतीनशे वर्षं माणसं वाट शोधतायत आणि प्रत्येकाने आधीच्याची वाट सोडून नवी काढली ती उगीच नाही काढली.

आधी रस्ता सांगतो. तुम्हाला माहिती आहे, पण नकाशावर माहिती असणं आणि पायाला माहिती असणं यात फरक असतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण 1372 मीटरवर, पोलादपूर शंभर मीटरच्याही खाली. म्हणजे चाळीस किलोमीटरमध्ये तेराशे मीटर उतरायचं, सरासरी काढली तर तीस-बत्तीस मीटर चाललं की एक मीटर खाली. कागदावर अगदी सौम्य वाटतं, पण सरासरी फसवी असते कारण मध्ये पठार आहे, सपाट पट्टे आहेत, आणि जिथे खरा उतार आहे तिथे तो सगळा एकदम वसूल होतो. वरून निघालं की जांभ्याच्या लाल मातीचं आणि दाट झाडीचं राज्य, मग मेटतळे. मेट म्हणजे चौकीपहाऱ्याची जागा. गावाच्या नावातच चौकी आहे म्हणजे इथून जुनी वाट जात होती आणि तिच्यावर कोणीतरी डोळा ठेवून बसलेलं असायचं. पुढे वळसे घेत घेत कुंभरोशी, ज्याला सगळे वाडा म्हणतात. इथे फाटे फुटतात, एक प्रतापगडाकडे वर, एक पारकडे खाली, आणि सरळ गेलं की खरा आंबेनळी घाट लागतो जो रायगड जिल्ह्यात उतरतो. उतरून कापडे बुद्रुक, तिकडूनच आत उमरठला जातात, तानाजी मालुसऱ्यांच्या गावाला, आणि मग सावित्रीच्या सोबतीने पोलादपूर. तिथे मुंबई-गोवा हायवे, जुना 17 नंबर, आता 66. वरच्या टोकाला महाबळेश्वर-पाचगणी-वाई करत सुरूरला पुणे-बंगळूर हायवे. दोन मोठ्या हायवेंना जोडणारा हा मधला घाटाचा तुकडा, बस एवढाच जीव त्याचा.

आता वाड्याच्या त्या खिंडीपाशी जरा थांबा, कारण माझ्या मते या अख्ख्या रस्त्यावरची सगळ्यात भारी जागा ती आहे आणि तिथे गाड्या फक्त गिअर बदलायला स्लो होतात. प्रतापगडाच्या डोंगराच्या एका अंगाला पडलेलं पाणी कोयनेत जातं, कोयनेतून कृष्णेत आणि अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात. दुसऱ्या अंगाला पडलेलं सावित्रीत जातं आणि महाडवरून बाणकोटला, अरबी समुद्रात. एकाच ढगातले दोन थेंब, हातभर अंतरावर पडले तर एक आंध्रात निघतो आणि एक आपल्या खाडीत. गंमत म्हणजे दोन्ही नद्या मुळात वरच्या क्षेत्र महाबळेश्वरच्याच, पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचं उगमस्थान मानतात त्यातल्या या दोघी. हा पाणलोटाचा उंबरठा रस्ता ओलांडतो आणि तिथे मला आजवर एक साधी पाटी दिसलेली नाही. सेल्फी पॉइंटच्या पाट्या दिसल्या.

वाड्यावरून खाली पारला गेलात कधी? नसाल तर कामाच्या दिवशी नको, रविवारी जा. या आंबेनळी रस्त्याचा बाप तिथे आहे. देश आणि कोकण यांच्यामधला जुना रस्ता म्हणजे पारघाट. वरून येणारी वाट महाबळेश्वरच्या डोंगरावरून रडतोंडीच्या घाटाने पारला उतरायची आणि पारवरून घाट उतरून किनेश्वराकडे कोकणात. रडतोंडी! काय नाव आहे बघा. चढणाऱ्याचं तोंड रडवेलं होतं म्हणून रडतोंडी. इंग्रज साहेबाला हे नाव उच्चारता येईना तर त्याने त्याचं रोटुंडा करून टाकलं, म्हणजे आपल्या लोकांचं रडणं त्यांच्या कागदावर एकदम घुमट होऊन बसलं. अफजलखान 1659 मध्ये याच रडतोंडीने पारला उतरला, हत्ती, तोफा, उंट सगळा लवाजमा घेऊन, आणि कोयनेच्या काठावर त्याचा तळ पडला. 10 नोव्हेंबरला काय झालं ते शाळेतल्या पोरालाही माहिती आहे, मी पुन्हा सांगत बसत नाही. मला त्यात दरवेळी रस्ताच दिसतो. एवढं मोठं सैन्य अशा जागी आणायचं की जिथून आत यायला एकच अडचणीची वाट आणि बाहेर पडायला त्याहून अडचणीची, हे त्या जागेचा भूगोल पाठ असल्याशिवाय जमत नाही. त्याच्या आधी तीन वर्षं, 1656 मध्ये, मोऱ्यांकडून जावळी घेतली तेव्हाच हे खोरं हातात आलं होतं आणि लगेच प्रतापगडाचं बांधकाम काढलं होतं. जावळीच्या चंद्रराव मोऱ्याने महाराजांना पाठवलेलं उत्तर म्हणून जे सांगतात ना, येता जावली जाता गोवली, ते उत्तर म्हणजे या डोंगरातल्या रस्त्यांचं आजवर कोणी केलेलं सगळ्यात अचूक आणि सगळ्यात छोटं वर्णन आहे. माझ्या या लांबलचक पत्राची लाज वाटावी इतकं छोटं. याल ते तुमच्या मर्जीने, जाल ते डोंगराच्या.

पारच्या कोयनेवर एक दगडी पूल आहे, शिवकाळातला मानतात, आजही वापरात आहे. घडीव दगड, कमानी, आणि पाण्याच्या धारेला समोरून फोडणारे टोकदार खांब. मी इंजिनीअर नाही, पण पावसाळ्यात त्या पुलावर उभं राहून मी एक गोष्ट पाहिलीय, पाणी त्याच्याशी भांडत नाही, बाजूने निघून जातं. गावात रामवरदायिनीचं देऊळ आहे. आणि आता तिथे इतकी शांतता आहे की पटत नाही, एकेकाळी हीच पेठ होती, कोकणातून मीठ, सुकी मासळी, नारळ वर आणि देशावरून धान्य, गूळ खाली, बैलांच्या पाठीवर. इंग्रजांच्या काळात पारघाटाच्या वाटेवरून गाड्या आणि तोफासुद्धा नेल्या जायच्या आणि वापरणाऱ्याकडून टोल घेतला जायचा. हो, टोल. म्हणजे हा विषयही आपल्या पिढीचा नाही.

मग ही एवढी चालती वाट मेली कशी? हेच तुम्हाला सांगायचंय मला.

महाबळेश्वर थंड हवेचं ठिकाण म्हणून इंग्रजांच्या नजरेत भरलं ते 1824 च्या सुमारास जनरल लॉडविक वर चढला तेव्हापासून. सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर झाल्यावर त्याने ते मनावर घेतलं आणि 1829 मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून वाईकडच्या खंडाळा गावाच्या बदल्यात तो डोंगर घेतला. आता मुंबईचा साहेब वर यायचा कसा, तर रेल्वे नव्हतीच, तो समुद्राने यायचा, बाणकोटच्या खाडीतून सावित्रीने आत दासगाव-महाडकडे, तिथून पालखीत, घोड्यावर किंवा मेण्यात, आणि पारघाट, रडतोंडी करत वर. म्हणजे तेव्हा महाबळेश्वरचा पुढचा दरवाजा आमच्या बाजूला होता! आज पुण्याची बाजू पुढची आणि आम्ही मागच्या अंगणातले. 1863 ला बोरघाटातून रेल्वे सलग सुरू झाली आणि साहेब पुण्यावरून यायला लागला, तिथून सगळं फिरलं. रस्त्यांचं असंच असतं, कोणीतरी लांब कुठेतरी दुसरी वाट उघडतं आणि तुमचं गाव आहे त्याच जागी मागे पडतं.

पारघाटाला दोन धक्के बसले. पहिला 1864 चा, कुंभार्ली घाटाचा रस्ता झाला आणि चिपळूण-कराडकडचा माल तिकडे वळला. दुसरा 1876 चा, तो म्हणजे आपला हा रस्ता. तेव्हा त्याला फिट्झगेराल्ड घाट म्हणायचे, 1867 ते 1872 मध्ये मुंबईचा गव्हर्नर असलेल्या सर सेमूर फिट्झगेराल्डच्या नावाने. आज ते नाव कोणाच्या तोंडात नाही आणि त्याचं मला काही दुःखही नाही, आंबेनळी हे नाव शंभरपट बरं. सह्याद्रीत नाळ किंवा नळी म्हणजे डोंगराला पडलेली अरुंद घळ, पावसाचं पाणी जिथून खाली धावतं ती. हे नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

1876 च्या रस्त्याने नेमकं काय बदललं? जुनी वाट पायाची आणि खुराची होती, ती डोंगराला सरळ भिडायची, सोंडेवरून चढायची. सोंडेवरून चढण उभी असते पण तिथे पाणी थांबत नाही, दोन्ही अंगांनी ओघळून जातं, दगड पक्का असतो, म्हणून जुन्या वाटा शेकडो वर्षं फार डागडुजी न करता टिकल्या. बैलगाडी आणि टांग्याला ही चढण सहज जमत नाही. चाकाला सौम्य उतार हवा आणि सौम्य उतार हवा तर रस्ता लांबवावा लागतो, डोंगराच्या कुशीतून आडवा न्यावा लागतो, वळसे घालावे लागतात. आजसुद्धा डोंगरी रस्त्याचा नेहमीचा चढ साधारण वीसास एक धरतात, म्हणजे वीस मीटरला एक मीटर, त्याहून उभा नाइलाज असेल तिथेच. तेव्हाचा हिशोबही असाच बैलाच्या दमावर बसवलेला. पण डोंगराच्या कुशीतून आडवा रस्ता काढला की तो वाटेतली एकूणएक घळ कापत जातो. प्रत्येक नळी. म्हणजे चाकासाठी आपण चढाची अडचण सोडवली आणि बदल्यात पाण्याची अडचण गळ्यात घेतली, कायमची. त्या लोकांना हे माहिती होतं म्हणून घळीला मोरी, आतल्या अंगाला गटार, बाहेरच्या अंगाला दगडी कठडा, आणि कठड्याखाली दगडाची भिंत जिला पाणी झिरपायला भोकं ठेवलेली, अशी सगळी तयारी असायची. साहेबाचं कौतुक करायला बसलेलो नाहीये मी, दगड फोडले आपल्याच लोकांनी आणि घाटात तापाने, कड्यावरून पडून मेले ते आपलेच, त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. पण जे बांधलं ते पाणी डोक्यात ठेवून बांधलेलं हे मान्य करायला काय हरकत आहे.

मध्ये 1957. स्वातंत्र्यानंतर या रस्त्याला नवं काम मिळालं. प्रतापगडावर महाराजांचा अश्वारूढ पुतळा बसला, 30 नोव्हेंबर 1957 ला पंडित नेहरूंच्या हस्ते अनावरण झालं, आणि त्याच वर्षी कुंभरोशीपासून गडापर्यंत गाडीरस्ता करण्यात आला. त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राची मागणी घेऊन लोकं काळे झेंडे घेऊन उभी होती हेही याच डोंगराने पाहिलंय. माझे आजोबा सांगायचे की आधी गडावर जायचं म्हणजे अख्खा दिवस, आणि नंतर एसटी पायथ्यापर्यंत जायला लागली तर म्हातारी माणसंसुद्धा भवानीच्या दर्शनाला जाऊन संध्याकाळी घरी. रस्त्याने काय होतं ते असं बघायचं असतं, किती किलोमीटर वाढले ते बघून कळत नाही.

आता पाण्यावर येतो, ज्यासाठी एवढं सगळं रामायण लावलं.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. 22 जुलै 2021 ला सुरू होऊन 23 च्या सकाळपर्यंत चोवीस तासांत 594 मिलिमीटर पडला. साहेब, 594 मिलिमीटर म्हणजे जवळजवळ दोन फूट पाण्याचा थर, पठारावर सगळीकडे, एका दिवसात, माणदेशातल्या एखाद्या गावाला अख्ख्या वर्षात एवढा मिळाला तर ते लोक पेढे वाटतील. आंबेनळी त्या दिवशी जागोजाग खचला, दरडी आल्या, काही ठिकाणी रस्ताच खाली निघून गेला आणि कित्येक दिवस वर-खाली संपर्क तुटला. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीये गाव दरडीखाली गेलं. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसं घेतली. त्याच्या आधी 2005 च्या जुलैमध्ये दासगाव, जुई. आमच्या भागात पावसाळ्यात रात्री ढगांचा वेगळा आवाज आला की लोक अजून उठून बसतात.

हे का होतं? वर जांभा आहे, सच्छिद्र, स्पंजासारखा, पाणी पिऊन घेतो. त्याखाली आणि काळ्या दगडाच्या थरांमध्ये मऊ चिकणमातीसारखे थर आहेत, तिथे पाणी अडतं आणि थर बुळबुळीत होतो. त्यात आपण रस्त्यासाठी डोंगराचा पाय कापलेला असतो, म्हणजे वरच्या मातीचा टेकूच काढून घेतलेला. पाय जितका जास्त कापाल तितका वरचा भाग उभा आणि अधांतरी. दुसरीकडे बाहेरच्या बाजूला भराव टाकून रुंदी वाढवली तर तो भराव मोकळी माती, त्यात पाणी शिरलं की तो अख्खा दरीत जातो. आणि या सगळ्याची सुरुवात बऱ्याचदा एका फालतू गोष्टीने होते, मोरी तुंबते. दगड, पाला, प्लास्टिकच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं. मोरी तुंबली की नळीतलं पाणी रस्त्यावर येतं, रस्त्यावरून उताराने धावत पुढच्या वळणावर बाहेरच्या कडेला उडी मारतं आणि जिथे उडी मारतं तिथली कड खणून काढतं. चार-पाच दिवसांनी तिथे भेग, मग खड्डा, मग लाल रिबीन आणि दगडांची रांग, मग अर्धा रस्ता. आमच्या गावातले एक काका रस्त्यावर मैलकुली, म्हणजे रस्त्याचा ठरलेला तुकडा राखणारे मजूर, होते, आता नाहीत, ते म्हणायचे घाट फावड्याने राखायचा असतो. मे महिन्यात त्यांची टोळी प्रत्येक मोरीत वाकून बघायची, पलीकडचा उजेड दिसला तर पास. एवढी सोपी टेस्ट. आता प्रत्येक तुकड्याला ठरलेला मैलकुली राहिलेला नाही, काम ठेक्याने जातं, आणि ठेक्यात उजेड मोजायची पद्धत नसते.

म्हणून रुंदीकरणाच्या कागदात रस्ता किती मीटर होणार याच्या आधी मोऱ्या किती आणि केवढ्या होणार ते येऊ द्या. जुनी मोरी 1876 च्या अंदाजाने बांधलेली, तेव्हा वर जंगल होतं, आता वर हॉटेलं, पार्किंग, फरशी, पाणी जमिनीत न मुरता थेट खाली येतं. 2001 पासून महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र आहे ते वरच्यांना जाच वाटतं, पण वरची झाडं म्हणजे खालच्या घाटाची संरक्षक भिंत आहे हो. रस्त्याकडेचं झाड तोडताना ते सातारा जिल्ह्यात तोडलं जातं आणि त्याचं पाणी रायगडात येतं.

आणि हा दुसरा मुद्दा, जो मला जास्त टोचतो. हा रस्ता मधेच दोन जिल्ह्यांत तुटतो. वरचा भाग सातारा, खालचा रायगड. एक पुणे विभागात, एक कोकणात. (रायगड हे नाव 1 जानेवारी 1981 पासूनचं, माझ्या शाळेच्या पहिल्या दाखल्यावर कुलाबा आहे.) कागदावर ठीक आहे, पण पाणी आणि दरड जिल्हा विचारून येत नाहीत. एकदा आम्ही वाईवरून येताना वरती कोणी काही बोललं नाही, पाटी नाही, बॅरिकेड नाही, निम्मा घाट उतरलो आणि समोर दरड. मागे वळायला जागा नाही, धुकं इतकं की बोनेट दिसेना. मागच्या ट्रकवाल्याने हातात बॅटरी घेऊन उतरून शंभर मीटर आम्हाला रिव्हर्स काढून दिलं, तो माणूस कोण कुठला माहीत नाही पण आई अजून त्याच्या नावाने हात जोडते. कोणाला दोष द्यायला सांगत नाहीये, कोणाची चूक होती तेही ठाऊक नाही. विनंती एवढीच की बंदची पाटी दोन्ही टोकांना एकाच वेळी लागावी, महाबळेश्वरच्या नाक्यावर आणि पोलादपूरच्या फाट्यावर, आणि घाट चालू झाला की दोन्हीकडची एकाच वेळी निघावी. चाळीस किलोमीटरच्या रस्त्याला एकच डायरी, एकच फोन नंबर. यासाठी टेंडर लागत नाही.

28 जुलै 2018 चं मी जास्त लिहू शकत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठातले कर्मचारी सहलीला महाबळेश्वरला निघाले होते आणि बस दरीत गेली. एकच जण वाचून वर आला. त्या वळणावरून जाताना आमच्याकडच्या गाड्या आपोआप हळू होतात. कठडा मजबूत करा हे सगळेच सांगतील, मी वेगळं एक सांगतो, धुक्यात दिसणारे कॅट आय, म्हणजे गाडीच्या उजेडात चमकणारे रस्त्यावरचे खडे, आणि कडेचा पांढरा पट्टा. डांबराचा नवा थर पडला की पट्टा जातो आणि तो पुन्हा मारायला कोणी येईपर्यंत पावसाळा आलेला असतो. शिवाय थरावर थर टाकून रस्ता वर येतो आणि जुना दगडी कठडा तेवढाच बुटका होत जातो, हे कोणाच्या लक्षात येत नाही. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा घाटातला नियम आता बाहेरून येणाऱ्या निम्म्या ड्रायव्हरांना माहितीच नाही, ते वरून लाइट मारत येतात. ती पाटी लावा, मोठ्या अक्षरात, मराठीत.

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर माझी यादी सांगून टाकतो, हसू नका. मेटतळ्याला पाटी हवी की मेट म्हणजे काय. वाड्याच्या खिंडीत हवी, इकडचं पाणी कोयनेला तिकडचं सावित्रीला. पारच्या फाट्यावर हवी की हा जुना राजमार्ग, 1876 पर्यंत देश आणि कोकण याच वाटेने बोलायचे. रडतोंडीची वाट जिथे मिळते तिथे रडतोंडी असंच लिहा, दुसरं काही नको. जुने मैलाचे दगड सापडले तर ते जेसीबीने भरावात टाकू नका, उचलून कडेला उभे करा, फुकटचं म्युझियम आहे ते. आणि जुन्या दगडी मोऱ्या, कठडे मजबूत असतील तर पाडून त्याजागी सिमेंटचा पाइप बसवायच्या आधी एखाद्या जाणत्या माणसाला दाखवा. पाइपात एक मोठा दगड अडकला की संपलं, कमानीच्या मोरीत माणूस वाकून आत शिरून तो काढू शकतो.

हे वाचून कोणी म्हणेल की हा इतिहासवाला माणूस, याला काय रस्त्यातलं कळतं. बरोबर आहे, कळत नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावतोय. एखाद्या जुलैमध्ये, घाट चालू असेल अशा दिवशी, सरकारी गाडी खाली ठेवून पोलादपूरवरून सकाळच्या एसटीत बसा, खिडकीची सीट धरा. आंबेनळीत डाव्या-उजव्या अंगाला किती ठिकाणी पाणी रस्त्यावर आलंय ते बोटावर मोजा, हात पुरणार नाहीत. वाड्याच्या फाट्याला उतरा. तिथून पार चालत जायचं, छत्रीचा उपयोग नाही, इरलं नाहीतर रेनकोट घ्या. पुलावर पोचलात की मधोमध उभे राहून खाली वाकून कमानीतून बघा.

पलीकडचा उजेड दिसतो.

आपला,
पोलादपूरकडचा एक एसटी प्रवासी